स्टिअरिंगवरील बटण स्टिरिओला काय सांगते: कॅन बसचा माग काढण्याची पद्धत

गाडीचा स्टिरिओ स्वतः बनवलेल्या सर्किटने चालवायचा असेल, तर स्टिअरिंगवरील बटणे कॅन बसवरून, म्हणजे गाडीतील यंत्रांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यावरून, संदेश पाठवतात की नाही, हे आधी तपासावे. पुष्कळ गाड्यांमध्ये प्रत्येक बटणाला वेगळ्या मूल्याचा रेझिस्टर जोडलेला असतो आणि एकाच तारेवरील व्होल्टेजवरून कोणते बटण दाबले गेले, हे स्टिरिओला कळते. स्टिरिओमागच्या तारेवर मल्टिमीटर लावून बटणागणिक व्होल्टेज बदलताना दिसले, तर पुढील सारा खटाटोप करण्याची गरज नाही.

बटणांचे संदेश कॅनवरून जात असतील, तर त्या जाळ्याची रचना नीट समजून घ्यावी. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगासमोर आणलेल्या या पद्धतीत एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवर अनेक यंत्रे जोडलेली असतात. प्रत्येक संदेशाला एक ओळख क्रमांक असतो, बहुधा ११ बिटांचा, आणि त्यामागे जास्तीत जास्त ८ बाइट माहिती असते. संदेश कोणी पाठवला, याची नोंद त्यात नसते. क्रमांक ओळखीचा असला की ऐकणारे यंत्र त्यावर विश्वास ठेवते. आपण पाठवलेला संदेश स्टिरिओ मान्य करतो तो यामुळेच, आणि चुकीच्या जागी पाठवलेला संदेश धोकादायक ठरतो तोही यामुळेच. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी जीप चेरोकीच्या मनोरंजन प्रणालीतून शिरकाव करून ब्रेकपर्यंत पोहोचता येते, हे दाखवून दिले आणि त्यानंतर सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. म्हणून हे काम स्वतःच्याच गाडीवर, गाडी उभी आणि इंजिन बंद ठेवून करावे. तसेच इंजिन व ब्रेकच्या जाळ्यावर एकही संदेश पाठवू नये.

ओबीडी सॉकेटच्या (गाडीतील बिघाड तपासण्यासाठीच्या जोडणीच्या) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांवर कॅन सापडते खरे, पण नव्या गाड्यांत तेथे मध्ये गेटवे, म्हणजे कोणते संदेश पुढे जाऊ द्यायचे हे ठरवणारे यंत्र, असतो आणि स्टिरिओचे संदेश बाहेर येतीलच असे नाही. त्यामुळे स्टिरिओमागील जोडणीतच तारा शोधाव्यात, हे माझे ठाम मत आहे. स्टिरिओ काढण्यापूर्वी त्याचा सुरक्षा कोड हाताशी ठेवावा. बॅटरी सोडवून मोजल्यास हाय स्पीड कॅनच्या दोन तारांमध्ये साधारण ६० ओहम दिसतात, कारण दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात. कॅनचे संदेश वाचण्या-पाठवण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या एमसीपी२५१५ मॉड्यूलवर बहुधा आणखी एक १२० ओहमचा रेझिस्टर जंपरने जोडलेला असतो. तो जंपर न काढता मॉड्यूल गाडीला जोडले, तर एकूण रोध ४० ओहमवर येतो आणि संदेश बिघडू शकतात.

यानंतर मॉड्यूल केवळ ऐकण्याच्या अवस्थेत ठेवावे. इंजिनाच्या जाळ्याचा वेग बहुधा सेकंदाला ५०० किलोबिट असतो, तर स्टिरिओचे जाळे अनेकदा १०० किंवा १२५ वर चालते. चुकीचा वेग निवडला तर संदेश येत नाहीत, केवळ त्रुटी दिसतात. मात्र ऐकण्याच्या अवस्थेत राहिल्याने गाडीला त्याचा त्रास होत नाही.

खरे कौशल्य लागते ते येथून पुढे. लिनक्सवरील कॅनडंप या संदेश नोंदवणाऱ्या प्रोग्रामने प्रथम कोणतेही बटण न दाबता एक मिनिटाची नोंद घ्यावी. मग आवाज वाढवण्याचे एकच बटण दर पाच सेकंदांनी, असे दहा वेळा दाबून दुसरी नोंद घ्यावी. पहिल्या नोंदीत जे बाइट आपोआप बदलत होते, ते घड्याळाचे, वेगाचे किंवा मोजणीचे असतात, ते वगळावेत. उरलेल्यांपैकी जो बाइट बरोबर दहा वेळा बदलून पूर्ववत झाला, तोच आपला बाइट. आवाज कमी करण्याच्या बटणावरही हीच कसोटी लावावी, कारण त्याच क्रमांकाच्या त्याच बाइटमध्ये दुसरे मूल्य दिसले, तर शोध योग्य दिशेने चालल्याची खात्री पटते. घाईने दोन बटणे एकत्र तपासू नयेत.

संदेश पाठवण्याची पहिली चाचणी शक्यतो टेबलावर, जुन्या स्टिरिओवर घ्यावी. तेथे ऐकण्याची अवस्था बंद करावी लागते, कारण पोच देणारे दुसरे यंत्र नसेल तर स्टिरिओ तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टरही स्वतः लावावे लागतात.

गाडीत पाठवलेल्या संदेशाला स्टिरिओने दाद दिली नाही, तर बहुधा मूळ यंत्र ‘बटण दाबलेले नाही’ असा संदेश ठरावीक अंतराने पाठवत असते आणि आपल्या संदेशाचा परिणाम पुसला जातो. अशा वेळी मूळ संदेश येताच त्याच्यामागोमाग आपला संदेश पाठवावा. एखाद्या बाइटमध्ये क्रमाने वाढणारा अंक किंवा बेरजेची पडताळणी (चेकसम) असेल, तर तीही जुळवावी लागते. त्यासाठी तोच संदेश शंभरेक वेळा नोंदवून तो बाइट इतर बाइटांबरोबर कसा बदलतो, हे कागदावर मांडून पाहावे.