कलर झेरॉक्सचे रंग चुकतायत? आधी रंग कुठे बिघडतोय ते शोधा

कोल्हापुरी चपलांच्या कॅटलॉगचं एक पान कलर मशीनवर टाका. मशीनची तब्येत लगेच कळते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याचा तो तपकिरी रंग पिवळा, मॅजेंटा (गडद गुलाबी), सायन (आकाशी निळा) आणि काळा या चारही टोनरांच्या, म्हणजे रंगाच्या पुडींच्या, मिश्रणातून तयार होतो. त्यातला एक जरी किंचित कमी पडला तरी चप्पल लालसर नाहीतर हिरवट दिसायला लागते. भडक लाल-पिवळ्या जाहिरातीत हा फरक लपून जातो, तपकिरी आणि करड्या रंगात लपत नाही. म्हणून तपासणीसाठी असं एक पान कायम जपून ठेवा.

रंग चुकले की बहुतेक जण थेट पॅनेलवर जाऊन ‘कलर बॅलन्स’मध्ये लाल कमी, निळा जास्त करत बसतात. ते सगळ्यात शेवटी करायचं काम. मूळ दोष तसाच ठेवून वरून रंग फिरवला, तर आजचं पान जमतं आणि उद्या दुसऱ्याच कुणाचं बिघडतं.

आधी चार कागद काढा

एक, मशीनच्या मेन्यूतून निघणारं त्याचं स्वतःचं कलर टेस्ट पेज. दोन, तपासणीच्या पानाची काचेवर ठेवून काढलेली कॉपी. तीन, त्याच पानाची वरच्या फीडरमधून (पान आपोआप आत ओढणाऱ्या भागातून) काढलेली कॉपी. चार, कॉम्प्युटरवरून दिलेली रंगीत प्रिंट. चारही एकाच कागदावर काढा आणि खिडकीशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेले रंग बाहेर वेगळे दिसू शकतात.

टेस्ट पेजच खराब असेल तर दोष टोनर, ड्रम (ज्यावर टोनरचं चित्र तयार होतं तो रूळ), बेल्ट (ते चित्र कागदापर्यंत नेणारा पट्टा) किंवा कागदात आहे. टेस्ट पेज उत्तम पण कॉपी खराब, तर स्कॅनर किंवा कॉपीची सेटिंग बघायची. फक्त फीडरच्या कॉपीत उभी रेघ येत असेल, तर मोठ्या काचेशेजारच्या अरुंद काचपट्टीवर घाण बसलेली असते. बाकी सगळं ठीक आणि कॉम्प्युटरची प्रिंट तेवढी चुकते, तर दोष ड्रायव्हरमध्ये (कॉम्प्युटरमधलं प्रिंटरचं सॉफ्टवेअर) किंवा फाइलमध्ये. एवढ्या एका तपासणीने निम्मी धावपळ वाचते.

कागद, आणि आपला पावसाळा

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर कागद ओलावा धरतो, आणि लक्ष्मीपुरी-शाहूपुरीतल्या जुन्या इमारतींत तर जास्तच. टोनर कागदावर चढतो तो विद्युतभाराच्या जोरावर. कागद दमट असला की तो भार टिकत नाही, टोनर नीट चढत नाही, रंग फिके आणि डागाळलेले येतात. अशा वेळी मशीनला कितीही सेटिंग करा, उपयोग नाही. नवीन रिम फोडा, त्यातले कागद ट्रेमध्ये घालून तीच कॉपी पुन्हा काढा. फरक पडला तर दोष कागदाचाच होता.

रिमचं वेष्टन ओलावा अडवण्यासाठीच असतं, ते फाडून फेकू नका. लागतील तेवढेच कागद काढा, बाकीचे त्यातच गुंडाळून प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. रिम फरशीवर किंवा ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. बऱ्याच मशीनांत ट्रे गरम ठेवणारा हीटर असतो किंवा बसवता येतो, इंजिनिअरला विचारा. आणखी एक: जाड कागद घातला तर ट्रेच्या सेटिंगमध्येही जाडी बदला. नाहीतर टोनर नीट भाजला जात नाही, बोट फिरवलं की निघतो.

काच आणि सेटिंग

काच आणि ती पट्टी मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. ओलावा कापडाला द्या, काचेवर फवारा मारू नका. मग ‘ओरिजिनल टाइप’ बघा: फोटोचं पान ‘टेक्स्ट’वर राहिलं तर छटा तुटतात. पार्श्वभूमी काढून टाकणारी सेटिंग चालू असेल तर फिकट पिवळा, सायीसारखा रंग साफ गायब होतो. टोनर बचत बंद करा.

आता कॅलिब्रेशन

कॅलिब्रेशन म्हणजे मशीनचे रंग पुन्हा जुळवून घेणं. कॅनन मशीनवर याला ‘ऑटो ॲडजस्ट ग्रेडेशन’ म्हणतात, रिकोहवर ‘ऑटो कलर कॅलिब्रेशन’. मशीन रंगीत चौकटींचं एक पान छापतं. ते काचेवर उपडं, सांगितलेल्या बाजूने ठेवायचं. मागचा रंग उमटू नये म्हणून वर काही कोरे पांढरे कागद ठेवायचे आणि स्कॅन करायचं. छापलेल्या छटा हव्या तशा आल्यात का, हे मशीन स्वतः मोजतं आणि दुरुस्त करतं. मशीन चालू केल्या केल्या हे करू नका, थोडं गरम होऊ द्या. टोनर किंवा ड्रम बदलल्यावर हे करायलाच हवं. काळ्या अक्षरांच्या कडेला रंगीत सावली दिसत असेल तर तो वेगळा दोष, त्यासाठी मेन्यूत ‘रजिस्ट्रेशन’ (रंग एकमेकांवर नेमके बसवणं) असतं.

तरीही संपूर्ण पान हिरवट येतंय? मॅजेंटा कमी पडतोय. लालसर-नारिंगी? सायन. जांभळट? पिवळा. त्या रंगाचं टोनर संपत आलंय का, काडतूस नीट बसलंय का ते बघा. टोनर सांडला तर कोरड्या कापडाने टिपा, मग थंड पाण्याने पुसा. गरम पाण्याने तो चिकटतो. ड्रमला हात लावू नका, उजेडात उघडा ठेवू नका.

काही रंग या चार टोनरांत बसतच नाहीत. जोतिबाच्या यात्रेच्या फोटोतला झगझगीत गुलाबी गुलाल स्क्रीनवर जसा दिसतो तसा कागदावर उतरणार नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा.

ठरावीक अंतरावर तोच डाग पुन्हा पुन्हा उमटत असेल, किंवा कॅलिब्रेशननंतरही टेस्ट पेज सुधारत नसेल, तर इंजिनिअरला बोलवा. फोनवर नुसतं ‘रंग येत नाही’ म्हणू नका. ते चार कागद कुठला कशाचा हे लिहून, तारीख टाकून त्याच्या हातात द्या, आणि दुरुस्तीनंतर तो निघण्याआधी तेच चार कागद पुन्हा काढून घ्या.