पांदणीत गाड्यांची चुकामूक टाळायची तर

बालाघाटच्या डोंगराकडे चार-पाच फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येते अशा) गाड्या निघाल्या की पांदणीच्या फाट्यावर मागचे हमखास चुकतात, आणि मोबाईलला रेंज नसते.

१. पुढच्यामागे धावू नका, मागच्याला सांभाळा. फाट्यावर थांबा, मागची गाडी आरशात दिसली, तिने वळण पाहिलं, की निघा. प्रत्येकाने एवढंच पाळायचं.

२. नवख्याला मधे ठेवा.

३. ओल्या काळ्या रानात शिरण्याआधीच फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा मोड) लावा. टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की पकड संपते. एका वेळी एकच गाडी घाला, बाकीच्यांनी कडक जमिनीवर थांबा. रुतलीच तर ओढायला कुणीतरी हवं.

कोरड्या डांबरीवर मात्र टू-हाय, म्हणजे दोनच चाकांना ताकद. पार्ट-टाइम फोर बाय फोरच्या फोर-हायमध्ये पुढची-मागची चाकं एकत्र जखडलेली असतात, त्यामुळे वळलं की ट्रान्समिशनवर ताण येतो.