आफ्रिकेत शिकारीला घरची काडतुसं नेताय? या चुका टाळा

नामिबियातला तिसरा दिवस. सूर्य टेकडीला टेकला होता, दिवसभराच्या पायपिटीत हाती काही लागलं नव्हतं. बक्कीवर चढण्याआधी रायफल रिकामी करायची म्हणून मी बोल्ट मागे ओढला. पिकअपला तिकडे सगळे बक्कीच म्हणतात. केस, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, बाहेर आली, गोळी आली नाही. ती चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे, रायफलिंग, म्हणजे नळीतल्या पिळाच्या खाचा, सुरू होतं तिथे रुतून बसली होती, आणि केसमधली पावडर मोहरीसारखी मॅगझिनमध्ये, ट्रिगरच्या फटीत, बोल्टच्या खाचांत सांडली होती. माग काढणाऱ्या ट्रॅकरने आधी रायफलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलला काहीच नाही. क्लीनिंग रॉड कॅम्पवर होता. गोळी बाहेर काढून, ट्रिगर उघडून झटकून पुन्हा नेम तपासेपर्यंत दुसऱ्या दिवशीची सकाळ गेली.

दोष माझाच होता. टेक्ससमधल्या रेंजवर गोळी रायफलिंगला टेकेल इतकी बाहेर बसवली की १०० यार्डांवर अर्ध्या इंचात तीन भोकं पडायची. तो कागद मी चार जणांना दाखवून झाला होता. पण रेंजवर भरलेली गोळी कोणी उलटी बाहेर काढत नाही, उडवूनच मोकळा होतो. शिकारीत दिवसातून चार-पाच वेळा काडतूस चेंबरमध्ये जातं आणि न उडता परत येतं.

भारतात राहणाऱ्यांसाठी हा सगळा मामला वाचण्यापुरताच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची शिकार संपली, आणि काडतुसं भरणं परवान्याशिवाय जमत नाही. पण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इथे स्थायिक झालेल्या आणि रीलोडिंगचा, म्हणजे काडतुसं घरी भरण्याचा, नाद लागलेल्या मराठी मंडळींपैकी दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं, ‘कुडू आणि जेम्सबॉकसाठी काय भरू?’ हे दोन्ही आफ्रिकेतले मोठे हरणवर्गीय प्राणी. पावडर किती ग्रेन (ग्रेन हे वजनाचं छोटं माप), हे मी सांगत नाही. ते गोळी बनवणाऱ्याच्या मॅन्युअलमधून घ्यायचं, खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची. मी सांगतो ते चुकतं कुठे.

गोळी रायफलिंगला टेकवणं

शिकारीच्या काडतुसाची लांबी आधी मॅगझिन ठरवतं. मॅगझिनमध्ये सहज बसलं पाहिजे आणि रायफलिंगपासून स्पष्ट अंतर राहिलं पाहिजे. बार्न्ससारख्या अख्ख्या तांब्याच्या गोळ्यांसाठी तर कंपनीच सुरुवातीला सुमारे ५० हजारांश इंच मोकळं सोडायला सांगते. ग्रूप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, पाव इंचाने मोठा झाला तर होऊ द्या. बुशवेल्डमधले, म्हणजे तिकडच्या झुडपी रानातले, बरेचसे बार ८० ते २०० मीटरांत, काठ्यांच्या तिवईवर रायफल टेकवून, धापा टाकत मारलेले असतात. तिथे सव्वा इंचाची रायफल आणि अर्ध्या इंचाची रायफल यांतला फरक कुडूला कळत नाही.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे केसचा फक्त गळा साइझ करणं, म्हणजे डाय नावाच्या साच्यात दाबून मापात आणणं. बेंच-रेस्टवाल्यांकडून, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून कागदावर नेम मारणाऱ्यांकडून आलेली ही सवय. काडतूस चेंबरमध्ये घट्ट बसतं, नेम छान लागतो, पण धूळ आणि घाई एकत्र आली की बोल्ट अर्ध्यावर अडतो, समोरचं वाइल्डबीस्ट तोवर झुडपात जातं. शिकारीची केस पूर्ण साइझ करा, खांदा (गळ्याखालचा उतार) दोन-तीन हजारांश इंच मागे ढकला, डायचं वंगण पुसून काढा. त्याहून जास्त मागेही नको. खांदा फार मागे गेला की दर बाराला पितळ ताणलं जातं आणि बुडाच्या जरा वर आतून चर पडते. पेपरक्लिपचं टोक वाकवून केसच्या आतून बुडापासून वर ओढून पाहा. कुठे खड्ड्यात अडकल्यासारखं वाटलं, किंवा बाहेरून तिथे चमकदार कडं दिसलं, तर ती केस कचऱ्यात टाका. अशी केस तिथे तुटली तर पुढचा तुकडा चेंबरमध्ये राहतो, आणि जंगलात तो काढायचं साधन कोणाकडे नसतं. मी तर सफरीसाठी नवी किंवा एकदाच उडवलेली केस वापरतो.

भरून झालं की प्रत्येक काडतूस, म्हणजे नेणार असाल ती सगळीच्या सगळी, मॅगझिनमधून चेंबरमध्ये घालून परत काढा. हे घरी नाही, रेंजवर, नळी मातीच्या बांधाकडे रोखून करायचं. माझ्या एका खेपेत साठातली दोन बसली नाहीत. गोळी बसवताना केसचा खांदा किंचित फुगला होता. नुसत्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं.

शिवाय मॅगझिन पूर्ण भरून वरची काडतुसं उडवा आणि तळाचं तसंच राहू द्या. चार-पाच धक्के खाल्ल्यावर ते काढून लांबी मोजा. कमी भरली तर गोळी आत सरकते आहे, म्हणजे गळ्याची पकड अपुरी आहे. .३७५ एच अँड एचसारख्या धक्का देणाऱ्या रायफलीत हे हमखास तपासावं.

कागदावरची गोळी जनावरावर

१९४६ मध्ये अमेरिकन शिकारी जॉन नोस्लर कॅनडात ब्रिटिश कोलंबियात मूस या अजस्र हरणाच्या शिकारीला गेले होते. चिखल वाळून कातडीवर थर चढलेला मूस, हातात .३०० एच अँड एच, आणि वेगवान गोळ्या आत खोल न जाता वरच फुटत होत्या. त्यातून त्यांनी मध्ये तांब्याची भिंत असलेली गोळी बनवली. पुढचा भाग फुलतो, मागचा अखंड राहून आत जातो. १९४८ पासून ती पार्टिशन नावाने विकली जाते. आज अख्ख्या तांब्याच्या, शिसं आवरणाला जोडून टाकलेल्या, अशा कितीतरी गोळ्या आहेत. मुद्दा तोच राहिलाय: वेग वाढला की गोळी मजबूत हवी.

लक्ष्यभेदासाठी बनवलेल्या पातळ आवरणाच्या गोळ्या घेऊन आफ्रिकेत जाणारे आजही भेटतात, कारण कागदावर त्या उत्तम. इम्पाला बरोबर आडवा उभा असेल तर कामही होतं. पण निळं वाइल्डबीस्ट, झेब्रा, जेम्सबॉक यांच्या खांद्याच्या सांध्यावर तीच गोळी ६० मीटरांवरून, पूर्ण वेगात आदळली की तिचे तुकडे होतात. जखम रुंद, उथळ. मग माग काढत तीन-चार तास. जखमी जनावर सापडलं नाही तरी ट्रॉफी फी, म्हणजे त्या जनावराची ठरलेली किंमत, पूर्ण भरावी लागते, हा तिकडचा सर्वसाधारण नियम. त्या प्राण्याचे हाल वेगळेच.

यात नेमाचाही वाटा आहे. हरणाच्या खांद्यामागे नेम धरायची उत्तर अमेरिकेतली सवय इथे नडते. आफ्रिकेतल्या हरणवर्गीय प्राण्यांचं हृदय आणि फुप्फुसं जरा पुढे आणि खाली असतात. नेम पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. म्हणजे गोळीला हाड फोडावंच लागणार, हे धरून ती निवडा.

उलट बाजूचीही एक चूक आहे. मजबूत गोळी बहुधा आरपार जाते. कळपात पुढच्या मादीआड दुसरी उभी असेल तर एका बारात दोन, आणि दोन्हींचे पैसे. पीएच, म्हणजे बरोबरचा व्यावसायिक शिकारी, ‘थांब’ म्हणाला तर थांबायचं.

छोट्या स्प्रिंगबॉकसाठी एक आणि मोठ्या एलंडसाठी दुसरी, अशी दोन प्रकारची काडतुसं नेऊ नका. दोन्हींचा नेम वेगळ्या जागी लागतो, पट्ट्यात ती मिसळतात, आणि ऐन वेळी हाताला लागतं ते चुकीचंच. सर्वांत भारी जनावराला पुरेल असं एकच काडतूस न्या. त्याने स्प्रिंगबॉकही पडतो.

गोळी बदलली तर लोड, म्हणजे पावडरीचं प्रमाण, पुन्हा खालून चढवा. तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते, केसमध्ये जास्त जागा खाते, दाब वाढतो. ‘१८० ग्रेन म्हणजे १८० ग्रेन’ हा हिशोब चालत नाही.

उन्हात तापलेला डॅशबोर्ड

जुलैत दक्षिण आफ्रिकेतल्या कारू या कोरड्या पठारावर पहाटे पाणी गोठतं. ऑक्टोबरात नामिबियात दुपारी पारा पस्तिशीपार जातो, आणि बक्कीच्या डॅशबोर्डवर काच बंद असताना पडलेली काडतुसं त्याहून कितीतरी तापतात. बऱ्याच जुन्या पावडरी उष्णतेने भडकतात. दर अंश फॅरनहाइटला वेग सेकंदाला फूटभर वाढला, तरी साठ अंशांच्या फरकात साठ फूट. त्याने नेम फारसा हलत नाही, पण लोड आधीच कमाल दाबाला भिडलेलं असेल तर बोल्ट उचलताना तळहाताने ठोकावं लागतं. टेक्ससमध्ये जानेवारीत ठरवलेल्या लोडने माझ्या एका मित्राचं नेमकं हेच झालं.

उपाय दोन. एक, तापमानाला दाद न देणारी पावडर. हॉजडन या अमेरिकन कंपनीच्या एक्स्ट्रीम गटातल्या व्हार्गेट, एच-४३५० याच कामासाठी लोकप्रिय आहेत, आणि त्या बनतात ऑस्ट्रेलियातल्या मलवालात. दोन, कमाल लोडच्या बरंच खाली थांबणं. वेगात पन्नास फूट सोडले तर आफ्रिकेत कोणी विचारत नाही. आणि काडतुसं उन्हात ठेवू नका, एवढं तर पैसे न खर्चताही जमतं.

तिथे बोल्ट जड झालाच तर उरलेली काडतुसं सावलीत गार करा आणि पुन्हा एक बार करून पाहा. तरीही जड असेल तर ती बाजूला ठेवून कॅम्पवरची रायफल भाड्याने घ्या. ‘दोनच बार मारायचेत’ म्हणून तशीच रेटू नका.

लोड फार मवाळ करणंही नामिबियात अंगाशी येतं. तिथे काडतुसाला कायद्याने किमान ऊर्जा लागते: स्प्रिंगबॉकसाठी १,३५० जूल, कुडू, जेम्सबॉक, हार्टबीस्ट, झेब्रा यांच्यासाठी २,७००. उदाहरण ७×५७ चं घेऊ. १८९९-१९०२ च्या युद्धात बोअरांच्या हाती हीच माउझर होती, आणि जिम कॉर्बेट यांच्यामुळे आपल्याला ती .२७५ रिग्बी या इंग्रजी नावाने ठाऊक. १७५ ग्रेनची गोळी सेकंदाला २,३०० फुटांनी सुटली तर ऊर्जा साधारण २,७९० जूल, म्हणजे जेमतेम पास. २,२५० फुटांवर २,६७०, म्हणजे नापास. मॅन्युअलमधला वेग बहुधा लांब नळीतला असतो, तुमची नळी २० इंची असेल तर तो गाठला जात नाही. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, लावून स्वतःचा आकडा काढा. कारखान्याचं १०० ग्रेनचं .२४३ सुद्धा या २,७०० च्या किंचित खालीच पडतं.

विमानतळावरची फजिती

विमानात चेक-इन सामानात माणशी ५ किलो काडतुसं चालतात. .३०-०६ चं एक काडतूस साधारण २८ ग्रॅमचं, म्हणजे साठ नेली तरी पावणेदोन किलोच्या आत. साठाहून जास्त लागतही नाहीत. सुटी काडतुसं पिशवीत चालत नाहीत, खाचांची पेटी हवी. ती रायफलीबरोबर ठेवायची की वेगळी, हे विमान कंपनीगणिक बदलतं, त्यामुळे ईमेलवर लेखी विचारून उत्तराची प्रत जवळ ठेवा. पावडर आणि प्रायमर (केसच्या बुडातली, पावडर पेटवणारी टिकली) नेता येत नाहीत, तेव्हा ‘तिथे जाऊन भरू’ हा विचारच सोडा.

दक्षिण आफ्रिकेत एका रायफलीला २०० काडतुसांची मर्यादा आहे, आणि ती त्याच कॅलिबरची हवीत. इथे हॅंडलोडर, म्हणजे घरी काडतुसं भरणारा, फसतो. एका कॅलिबरची केस दुसऱ्यात बदलून भरली असेल तर बुडावरचा शिक्का वेगळंच कॅलिबर सांगतो, आणि खिडकीमागचा पोलिस शिक्काच वाचणार. तुमच्या डायची कहाणी ऐकायला त्याला वेळ नसतो. परवान्यावर जे लिहिलंय तेच बुडावर असेल अशी केस घ्या. तिथल्या पोलिसांचा (एसएपीएस) ५२० क्रमांकाचा अर्ज काळ्या शाईने भरून न्या, पण सही अधिकाऱ्यासमोर करा. अमेरिकेतून निघताना कस्टम्सचा ४४५७ हा फॉर्म रायफल दाखवून शिक्का मारून घ्या, नाहीतर परत येताना त्रास.

बॅग हरवली तर घरची काडतुसं कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. म्हणून जाण्याआधी कारखान्याचं एखादं काडतूस शोधून ठेवा, जे तुमच्या लोडच्या जवळपास त्याच जागी लागतं, आणि किती इंच वर-खाली ते चिठ्ठीवर लिहून रायफलीच्या पेटीत चिकटवा. .३०-०६, .३०८, .३७५ एच अँड एच मिळायला सोपी. हौशी कॅलिबर घेऊन जाणाऱ्याने देवाचं नाव घ्यावं.

क्लिक झालं, बार झाला नाही

नळी जनावराकडेच ठेवून सावकाश तीस आकडे मोजा, मगच बोल्ट उघडा. प्रायमर उशिरा पेटू शकतो. नंतर प्रायमरवरचा ठसा पाहा. ठसा उथळ असेल तर बहुधा प्रायमर पूर्ण खोल बसलेला नव्हता, फायरिंग पिनचा जोर तो आत ढकलण्यात गेला. भरताना प्रत्येक केसच्या बुडावरून बोट फिरवलं असतं तर उंचवटा लागला असता. कारूच्या थंडीत घट्ट झालेलं बोल्टमधलं तेलही हेच करतं, म्हणून जाण्याआधी बोल्ट सॉल्व्हंटने धुऊन कोरडा करा. ठसा खोल आहे आणि तरी पेटलं नाही, तर प्रायमरला वंगणाचा हात लागला असण्याची शक्यता जास्त.

पुढच्या खेपेला मी १८० ग्रेनची पार्टिशन, मध्यम लोड, रायफलिंगपासून भरपूर मागे बसवून नेली. रेंजवर सव्वा इंच. साठ काडतुसं नेली, त्यातली अकरा वापरली, कॅम्पवर नेम तपासण्याचे चार बार धरून. उरलेली एकोणपन्नास दोन आठवडे धूळ आणि ऊन खाऊन परत आली, म्हणून ती पुढच्या शिकारीला ठेवली नाहीत. टेक्ससमध्ये रेंजवर उडवून टाकली. सव्वा इंचच आला.