जुने संग्राह्य रिव्हॉल्व्हर ऑनलाइन घेताय? भाव ठरवताना या चुका टाळा

अमेरिकेत कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या कंपन्यांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांची खरेदी-विक्री आता मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन लिलावांतून होते. वस्तू हातात न घेता, आठ-दहा छायाचित्रे आणि विक्रेत्याने लिहिलेल्या चार ओळी यांच्या आधारावर हजार, दोन हजार किंवा त्याहून अधिक डॉलर मोजायचे की नाही हे ठरवावे लागते. अशा व्यवहारात जास्तीचे पैसे बहुधा एकाच ठिकाणी जातात: कारखान्यातील मूळ फिनिश, म्हणजे धातूवर चढवलेला रंग वा मुलामा, आणि मूळ भाग शाबूत आहेत का, याची शहानिशा न करता केवळ मॉडेलच्या नावावर किंमत मोजली जाते. बाकीच्या चुका याच एका चुकीच्या आगेमागे होतात.

मागितलेल्या किमतीला बाजारभाव मानणे

विक्रीस ठेवलेल्या वस्तूवरचा आकडा ही विक्रेत्याची अपेक्षा असते. गनब्रोकरसारख्या लिलावाच्या संकेतस्थळावर अनेक नग महिनोन्महिने त्याच किमतीला पुन्हा पुन्हा टाकले जातात आणि विकले जात नाहीत. नवा ग्राहक मात्र तेच आकडे पाहून भावाचा अंदाज बांधतो. म्हणून शोध नेहमी पूर्ण झालेल्या आणि प्रत्यक्ष बोली लागून विकल्या गेलेल्या लिलावांपुरता मर्यादित ठेवावा. त्यातही एखाद्या लिलावात दोन हट्टी ग्राहक समोरासमोर आले की किंमत भलतीच चढते, शिवाय शेवटच्या पंधरा मिनिटांत बोली आल्यास तिथे मुदत वाढत जाते, त्यामुळे ही चुरस लांबतही राहते. अगदी वरचा आणि अगदी खालचा आकडा बाजूला ठेवून मधल्या पाच-सहा विक्रींकडे पाहिले, तर चित्र पुष्कळ स्पष्ट होते. मोठ्या लिलावगृहांचे आकडे वाचताना त्यात खरेदीदाराकडून घेतले जाणारे कमिशन धरले आहे की नाही, हेही तपासावे, कारण तेवढ्याने तुलनेत मोठा फरक पडतो. छापील वार्षिक किंमत-पुस्तिका प्रकार ओळखायला फार उपयोगी आहेत, पण त्यातील भाव छपाईपूर्वीचे असतात.

एकाच नावाखालचे निरनिराळे नग एकत्र मोजणे

कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीचे उत्पादन १८७३ मध्ये सुरू झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास थांबले. १९५६ मध्ये दुसरी पिढी आली आणि १९७६ मध्ये तिसरी. तिन्ही पिढ्या दिसायला जवळजवळ सारख्या असल्या, तरी त्यांचे भाव एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. कोल्ट पायथनचेही तसेच आहे. १९५५ मध्ये बाजारात आलेले हे रिव्हॉल्व्हर २००५ च्या सुमारास बंद झाले आणि २०२० मध्ये नव्या अंतर्गत रचनेसह १,४९९ डॉलर या जाहीर किमतीला पुन्हा आले. जुन्या पायथनचा भाव ठरवताना नव्या पायथनची विक्री पुराव्यादाखल धरू नये. जुन्यातही सहा इंची नळी सर्रास मिळते आणि तीन इंची दुर्मीळ, त्यामुळे नळीची लांबी हा भावातील मोठा घटक ठरतो.

स्मिथ अँड वेसनच्या बाबतीत खुणा अधिक बारीक आहेत. कंपनीने १९५७ पासून मॉडेलला क्रमांक दिले, आणि तो क्रमांक सिलिंडर, म्हणजे काडतुसे ठेवण्याचा फिरता भाग, बाहेर उघडल्यावर चौकटीच्या आत ठोकलेला दिसतो. त्यापुढे आडवी रेघ आणि आकडा असेल, तर तो रचनेतील बदलाचा टप्पा दाखवतो. १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत नळी आडव्या पिनने बसवलेली असे आणि मॅग्नम या अधिक जोरदार काडतुसांच्या सिलिंडरमध्ये काडतुसाची कड आत बसेल अशी खाच असे. संग्राहक या दोन्ही गोष्टींसाठी जास्त पैसे देतात. म्हणून उघड्या सिलिंडरचे जवळून घेतलेले छायाचित्र हाती येईपर्यंत बोली लावू नये. विक्रेता ते द्यायला टाळाटाळ करत असेल, तर सरळ पुढच्या नगाकडे वळावे.

पुन्हा चढवलेले फिनिश न ओळखणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. झिजलेले रिव्हॉल्व्हर घासून त्यावर नव्याने ब्ल्यूइंग (पोलादाला दिलेला निळसर-काळा थर) किंवा निकेलचा मुलामा चढवला, की छायाचित्रात ते नव्यासारखे चमकते. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र त्याची किंमत अनेकदा मूळ फिनिशच्या चांगल्या नगाच्या निम्म्यावर येते. प्रामाणिकपणे झिजलेले, पण कोणी हात न लावलेले रिव्हॉल्व्हर त्यापेक्षा पुष्कळ बरे, असे माझे ठाम मत आहे.

ओळखायचे कसे? आधी अक्षरे पाहावीत. कारखान्यात ठोकलेली अक्षरे आणि चिन्हे धारदार काठांची असतात. बफिंगच्या चाकावर धातू घासला गेला की ती उथळ होतात, काही ठिकाणी अर्धवट पुसली जातात, आणि कोल्टच्या बाजूवरील उधळलेल्या घोड्याचे पाय अस्पष्ट होतात. नंतर स्क्रूंची भोके पाहावीत. मूळ पृष्ठभागावर भोकाची कड सपाट आणि तीक्ष्ण असते, घासलेल्या नगावर तीच कड बशीसारखी खोलगट झालेली दिसते. चौकटीचे कोपरे गोलावलेले आहेत का, नळीच्या सपाट बाजूवर प्रकाशाची रेघ लाटांसारखी वेडीवाकडी पडते का, आणि स्मिथ अँड वेसनच्या बाजूच्या झाकणपट्टीचा सांधा, जो कारखान्यातून जवळजवळ न दिसणारा येतो, ठळक झाला आहे का, हेही पाहावे. आणखी एक खूण सहज नजरेत भरते: स्मिथ अँड वेसनच्या जुन्या निकेल रिव्हॉल्व्हरवरही हॅमर आणि ट्रिगर कठिणीकरणाच्या करड्या-तपकिरी छटांचे असतात. तेही निकेलने चमकत असतील, तर मुलामा कारखान्याबाहेर दिला गेला आहे असे समजून बोली ठरवावी.

कारखान्यात परत पाठवून नवे फिनिश करून घेतलेले नगही असतात. स्मिथ अँड वेसनच्या अशा रिव्हॉल्व्हरवर मुठीच्या तळाशी अनुक्रमांकाजवळ ताऱ्याची खूण आढळू शकते, आणि मुठीच्या फळ्या काढल्यावर चौकटीवर ‘आर’ अक्षराने सुरू होणारा शिक्का आणि तारीख मिळू शकते. काम उत्तम असले, तरी हे मूळ फिनिश नव्हे आणि त्याचा भाव तसा लागत नाही. फळ्या काढून छायाचित्र मागायला म्हणूनच संकोच करू नये. त्याच वेळी फळ्यांच्या आतील अनुक्रमांकही दिसतो. जुन्या स्मिथ अँड वेसनवर तो मुठीच्या तळाशी, सिलिंडरच्या मागच्या बाजूस आणि नळीच्या खालच्या भागावरही असतो. सगळीकडचे आकडे जुळले, तर भाग बदललेले नाहीत याचा आधार मिळतो.

विक्रेत्याने लिहिलेले ‘९८ टक्के फिनिश’ हे शब्द जसेच्या तसे स्वीकारू नयेत. या वरच्या श्रेणीत प्रत्येक टक्क्याला पैसा आहे, आणि फोटोतील प्रखर प्रकाश नेमकी तीच झीज लपवतो. फ्लॅशशिवाय, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात घेतलेली छायाचित्रे मागावीत आणि नळीच्या तोंडाची कड, सिलिंडरची पुढची कड आणि मुठीचा मागचा पट्टा या तीन जागा मोठ्या करून पाहाव्यात, कारण कमरेच्या म्यानातील आणि हाताचे घर्षण प्रथम तिथेच दिसते.

कापलेले आणि बदललेले नग स्वस्त समजून घेणे

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला दिलेली स्मिथ अँड वेसनची व्हिक्टरी मॉडेले .३८ एस अँड डब्ल्यू काडतुसाची होती. पुढे त्यांतील पुष्कळांचे सिलिंडर .३८ स्पेशल या वेगळ्या काडतुसासाठी पोखरले गेले आणि नळ्या कापून आखूड केल्या गेल्या. .४५५ वेब्ली मार्क ६ या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरचे सिलिंडरही अमेरिकेत .४५ एसीपी हे पिस्तुलाचे काडतूस चालावे म्हणून मागून तासले गेले. असे नग बाजारभावापेक्षा कमी किमतीत दिसले, तरी ती सवलत नसते. त्यांचा भावच तेवढा असतो.

पेटी आणि पत्र यांना चुकीचे वजन देणे

मूळ पेटी, कागदपत्रे आणि साफसफाईची हत्यारे यांमुळे किंमत वाढते. परंतु रिकाम्या पेट्या स्वतंत्रपणेही विकल्या जातात, म्हणून पेटीच्या कडेवरील लेबलवरचा अनुक्रमांक, मॉडेल आणि फिनिश रिव्हॉल्व्हरशी जुळत नसेल, तर पेटीचे पैसे वेगळे धरावेत आणि पूर्ण संचाचा भाव देऊ नये. हे रिव्हॉल्व्हर अमुक शेरीफचे होते, ही गोष्ट कागदावर सिद्ध होत नसेल, तर तिच्यासाठी एक डॉलरही जास्त देऊ नये. कोल्टच्या अभिलेखागाराकडून मिळणारे पत्र मूळ नळी, फिनिश आणि रवानगीची तारीख सांगते. महागड्या नगासाठी त्याचे शुल्क भरणे योग्यच आहे. ते पत्र रिव्हॉल्व्हर कारखान्यातून बाहेर पडले तेव्हाच्या स्थितीबद्दल असते, आजच्या स्थितीबद्दल नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.

बोलीलाच एकूण खर्च समजणे

१९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार दुसऱ्या राज्यातून घेतलेले आधुनिक रिव्हॉल्व्हर परवानाधारक विक्रेत्यामार्फतच ताब्यात घ्यावे लागते. त्यामुळे टपालखर्च, विमा, त्या विक्रेत्याचे हस्तांतरण शुल्क, कार्डावरील अधिभार आणि लागू असल्यास विक्रीकर हे सारे वजा करूनच कमाल बोली ठरवावी. १८९८ किंवा त्यापूर्वी बनवलेले नग संघीय कायद्यात प्राचीन मानले जातात आणि ही अट त्यांना लागू होत नाही. याच सोयीमुळे त्यांना थोडा जास्त भाव मिळतो. राज्याचे कायदे मात्र वेगळे असू शकतात, ते आधी पाहून घ्यावेत.

बोलीपूर्वी तपासणीची मुदत आणि परतीची अट लेखी मागावी. पार्सल परवानाधारक विक्रेत्याकडे आले, की हस्तांतरणाचा अर्ज भरण्याआधी त्याच्याच दुकानात रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची खात्री करून अनुक्रमांक, स्क्रू, अक्षरे आणि सिलिंडर प्रत्येक कप्प्यावर नीट अडकते का, हे शांतपणे तपासावे. वर्णनाशी काही जुळत नसेल, तर तिथूनच वस्तू परत पाठवावी, कारण हस्तांतरण पूर्ण झाल्यावर बहुतेक विक्रेते माल परत घेत नाहीत.