सोलापुरात आपला वाटेल असा धर्मग्राम शोधताना या चुका टाळा

रेल्वेतील बदलीमुळे किंवा होटगी परिसरातील औष्णिक वीज केंद्रात नोकरी लागल्यामुळे सोलापुरात आलेली कॅथोलिक कुटुंबे पहिल्याच आठवड्यात मला विचारतात, "इथले सगळ्यांत चांगले चर्च कोणते?" या प्रश्नापासूनच चुकीला सुरुवात होते. वसईत किंवा मुंबईत पायी जाण्याच्या अंतरावर दोन-तीन चर्च सापडतात. सोलापुरात आपली संख्या थोडी आहे, आपण पुणे धर्मप्रांतात, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या अखत्यारीतील प्रदेशात, मोडतो आणि बिशपांचे कार्यालय सुमारे २५० किलोमीटर दूर आहे. म्हणून येथे धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवतीचा कॅथोलिक समाज, शोधताना चर्च निवडण्यापेक्षा मिस्सेची (कॅथोलिक उपासनाविधीची) भाषा, तिची वेळ, एखादा गट आणि चार माणसे निवडण्याचाच प्रश्न अधिक असतो.

क्रूस दिसला म्हणजे चर्च कॅथोलिकच असणार, असेही धरून चालू नये. या शहरातील जुन्या मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकी मिशनऱ्यांच्या संस्थेच्या प्रोटेस्टंट परंपरेतून आलेला आहे. त्यांच्या उपासनेबद्दल मला मनापासून आदर आहे, परंतु तुम्हांला पवित्र मिस्सा हवी असेल तर जाण्यापूर्वी तसे स्पष्ट विचारावे.

मला सर्वाधिक त्रास देणारी चूक म्हणजे नाताळच्या किंवा ईस्टरच्या एका मिस्सेवरून धर्मग्रामाची पारख करणे. काही वर्षांपूर्वी एक जोडपे लहान मुलाला घेऊन नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला आले होते. मी त्या रात्री फाटकाजवळ वाहने लावून घेण्याच्या कामावर होतो. आत पाय ठेवायला जागा नव्हती, ते दोघे शेवटपर्यंत मागे उभे राहिले, कोणी खुर्ची दिली नाही की नाव विचारले नाही, आणि "इथली माणसे कोरडी आहेत" असे ठरवून ते पुन्हा आलेच नाहीत. चार वर्षांनी एका रात्री त्यांच्या घरी आई वारली, तेव्हा कोणाला फोन करावा हेही त्यांना ठाऊक नव्हते. शेजाऱ्यांकडून निरोप पोहोचला. पहाटेपर्यंत धर्मग्रामातील सहा जण त्यांच्या दारात होते आणि पुढचे तीन दिवस महिला मंडळाने त्या घरी जेवण पोहोचवले. दफनविधीनंतर त्या ताईंनी मला विचारले, "दादा, ही माणसे तेव्हा कुठे होती?" ती सगळी त्याच गर्दीत होती. खुर्ची न देण्यात आमची चूक होतीच आणि मी तिचे समर्थन करत नाही, परंतु त्या कुटुंबाची चार वर्षे एका रात्रीच्या निकालावर गेली, याचे दुःख मला आजही आहे. त्यामुळे माझा आग्रह असा असतो की, जुलै-ऑगस्टमधले सलग चार साधे रविवार एकाच वेळच्या मिस्सेला जावे, एकाच बाकावर बसावे आणि मिस्सा संपल्यावर दहा मिनिटे आवारात थांबावे. शेवटचे गीत संपण्याआधी गाडी काढणाऱ्याची ओळख होत नाही. मोबाइलवर मिस्सा पाहून धर्मग्राम पारखणाऱ्यांना तर मी काहीच सांगू शकत नाही.

दुसरी चूक कागदपत्रांची. रविवारची मिस्सा कोणत्याही कॅथोलिक चर्चमध्ये ऐकता येते, पण तुमचा धर्मग्राम सामान्यतः तुमच्या राहत्या पत्त्यावरून ठरतो, देणगीवरून नव्हे. म्हणून आल्याबरोबर कार्यालयात कुटुंबाचे नाव नोंदवावे. एका मुलीच्या लग्नाच्या वेळी घरच्यांनी पंचवीस वर्षांपूर्वीचा, लॅमिनेट केलेला बाप्तिस्म्याचा दाखला आणला आणि तो चालणार नाही हे कळल्यावर घरात रडारड झाली. बाप्तिस्मा जेथे झाला तेथील नोंदवहीतच पुढे दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतरच्या एका संस्काराची) आणि विवाहाची नोंद होते. त्यामुळे लग्नासाठी त्याच धर्मग्रामातून नव्याने काढलेली प्रत लागते. ही प्रत मागणारे पत्र लग्नपत्रिका छापायला देण्याच्या कितीतरी आधी पाठवावे.

मूल्ये जुळतात का, हे पाहताना केवळ प्रवचनावर विसंबू नये. भारतातील कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. ते आपल्या धर्मग्रामात उतरले आहे की नाही, हे वेदीजवळ वाचन कोण करते, मंडळांत कोणाला विचारले जाते आणि कोणाच्या घरचे जेवण कोण जेवते, यांवरून दिसते. तसेच १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे, म्हणजे कॅथोलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे, प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे बंधनकारक आहे. ती आहे का आणि हिशेब लोकांपुढे मांडला जातो का, हे मी नेहमी विचारतो. मोकळे उत्तर मिळाले की माझा निम्मा शोध संपतो.

भाषेवरून लगेच रुसू नये. मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच आवारात ऐकू येणे हा सोलापूरचा स्वभाव आहे.

घरात जोडीदार हिंदू किंवा मुस्लिम असेल, तर ही गोष्ट लपवण्याची घाई करू नये. रविवारी मिस्सेनंतर फादरांभोवती पंधरा माणसे असतात, तेथे असे बोलणे होत नाही. आठवड्यातील एखाद्या संध्याकाळची वेळ आधी मागून घ्यावी, दोघांनी मिळून जावे, मुले असतील तर त्यांनाही न्यावे, आणि फादर आधी मुलांशी बोलतात की आधी दाखले मागतात, तेवढे लक्षात ठेवावे.