साइडकारवाली जुनी चेतक रस्त्यावर काढण्याआधी

किक मारली, निळसर धूर निघाला, इंजिन बोललं, की घरचे खूश होतात आणि काम झालं असं धरून चालतात. नुसती स्कूटर असेल तर ते एकवेळ खपून जातं. साइडकार जोडलेली असेल तर खरं काम तिथून पुढे सुरू होतं. बंद पडलेली चेतक सुरू करून देणारा मिस्त्री नागपुरात कुठल्याही वस्तीत मिळेल, पण साइडकारची लाइन, म्हणजे तिच्या चाकाची स्कूटरशी जुळणारी रेषा आणि स्कूटरचा झुकाव, नीट बसवणारे हात आता कमी राहिलेत. म्हणून ती बाजू मालकाला स्वतःला कळलेली बरी. तयारीचा क्रम असा ठेवा: आधी गाडी थांबली पाहिजे, मग सुरू झाली पाहिजे, मग सरळ चालली पाहिजे.

कागदपत्रांचं आधीच उरकून टाका. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी फिटनेस तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. ती संपलेली असेल तर पार्ट्सवर पैसे घालण्याआधी आरटीओत चौकशी करा. साइडकार हा मूळ गाडीतला बदल आहे, आणि मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे तो आरसीवर चढलेला लागतो. वडिलांच्या काळी चढवला असेल तर जुन्या पुस्तकात नोंद सापडेल. चेतक बाजारात आली 1972 साली, म्हणजे अगदी सुरुवातीच्या गाड्या आता पन्नाशी ओलांडून गेल्या आणि 2021 च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायच्या वयात आल्या. मात्र त्या नोंदणीत गाडी मूळ रूपात असणं अपेक्षित आहे आणि रोजच्या वापराला मनाई आहे. रोज भाजी आणायला जायचं असेल तर त्या भानगडीत पडू नका.

आता गाडी आडवी करा, म्हणजे साइडकार काढून ठेवा आणि स्कूटर जुन्या गादीवर उजव्या-डाव्या कुशीवर नीट लोळवा. टाकीतलं पेट्रोल आधी काढलेलं असू द्या. चेतकला वेगळी चेसिस नाही, पत्र्याची बॉडी हीच तिची चेसिस. त्यामुळे पायदानाखालचा पत्रा हा पहिला तपासायचा. रबर मॅट उचला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणटण आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आत गंज आहे. साइडकारचे क्लॅम्प जिथे बसतात तिथे बोटाने चाचपून केसासारखी चीर लागते का ते पाहा. रंगाखाली ती दिसत नाही, पण त्या जागी रंग रेषेत तडकलेला असतो. तिथे आधी वेल्डिंग आणि आतून पट्टी, बाकी सगळं नंतर. पत्रा कुजका असेल तर साइडकारचा विचार या वर्षी सोडून द्या, नुसती स्कूटर चालवा.

ब्रेक. दोन्ही ड्रम उघडा, लायनर बघा. मागचा लायनर तेलाने काळा-ओला झाला असेल तर तो पेट्रोलने धुऊन परत लावू नका. मागच्या अ‍ॅक्सलचं ऑइल सील गेलंय आणि गिअरचं तेल तिथे येतंय. सील आणि लायनर दोन्ही नवीन. साइडकारच्या चाकाला बहुतेक ब्रेक नसतोच, म्हणजे तीन चाकांचं आणि तीन माणसांचं वजन दोनच छोट्या ड्रमना थांबवायचंय. ब्रेकची केबल ओढून बघा. आतली तार कुठे एक जरी तुटून वर आली असेल तर ती केबल गेलीच म्हणा.

चाकं उतरवलीच आहेत तर रिम बघून घ्या. या रिम दोन तुकड्यांच्या, नटांनी जोडलेल्या. काही नट चाक ड्रमला धरतात, काही रिमचे दोन भाग एकमेकांना धरतात. हवा भरलेली असताना हे दुसरे नट ढिले केले तर रिम तोंडावर उडते. आधी व्हॉल्व्हची सुई काढून हवा पूर्ण सोडायची, मगच पाना लावायचा. हे शेजारच्या पोरालाही शिकवा. स्कूटर वळताना झुकते, साइडकारवाली झुकत नाही, सगळा आडवा जोर रिमवर येतो. नटांच्या भोकांभोवती तडा किंवा अंडाकृती झालेलं भोक दिसलं की रिम कबाडीत. साइडकारला 3.50-10 चंच चाक असेल तर एकच स्टेपनी तिन्हीकडे चालते. वेगळं असेल तर तेही तेच करून घेणं परवडतं.

पेट्रोलच्या बाबतीत जुन्या आठवणींवर जाऊ नका. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी बसतं आणि गंज धरतो. जुना रबरी पाइप, कॉकचं वॉशर, कार्बोरेटरची पॅकिंग हे सगळं त्यात फुगतं नाहीतर चिरतं. टाकी काढा, मूठभर जुने नट आणि थोडं डिझेल टाकून खुळखुळवा, गाळ निघेपर्यंत परत परत. पाइप नवीन, इथेनॉल सोसणारा. कार्बोरेटर उघडून जेट फुंकून साफ करा, पण तारेने कोचू नका, भोक मोठं होतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं टूटी (टू-स्ट्रोक) ऑइल लिटरला 20 मिली. नवीन पिस्टन-रिंग टाकली असेल तर पहिल्या एक-दोन टाक्या थोडं वाढवून. गाडी उभी करून ठेवायची वेळ आली तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या.

इंजिन वर्षानुवर्षं बंद असेल तर पहिलीच किक जोरात मारू नका. प्लग काढा, त्या भोकातून चमचाभर टूटी ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी मॅग्नेटचा (फ्लायव्हीलचा) पंखा हाताने फिरवा. सहज फिरला की प्लग बाहेरच ठेवून किक, ठिणगी बघायची. पॉइंटवाली (जुन्या इग्निशनची) गाडी असेल तर फ्लायव्हीलच्या खिडकीतून पॉइंट दिसतात. बारीक पॉलिश पेपरने पुसून 0.4 मिमीच्या आसपास गॅप ठेवा, प्लगला 0.6. सीडीआयवाल्या (इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) गाडीला हे काम नाही. सुरू झाल्यावर अ‍ॅक्सिलरेटर सोडूनही इंजिन वरच ओरडत राहिलं तर मॅग्नेटकडचं क्रँक सील हवा ओढतंय. पांढरा धूर थांबेना आणि गिअरचं तेल कमी होत जातंय तर क्लचकडचं सील तेल ओढतंय. दोन्ही सील एकदमच बदला, मजुरी एकदाच लागते. धापा टाकत चढणारी, पिकअप नसलेली गाडी दिसली की लोक थेट बोअर करायला धावतात. त्याआधी सायलेन्सर काढून आतला कार्बन जाळून घ्या. निम्म्या गाड्या तिथेच सुटतात.

नागपूरकरांसाठी एक वेगळी गोष्ट. चेतकचं इंजिन वाऱ्यावर नाही, पंख्यावर थंड होतं. मॅग्नेटचा पंखा हवा फेकतो आणि सिलिंडरवरचं झाकण ती पाकळ्यांतून फिरवतं. ते झाकण कुणीतरी कधीतरी काढून टाकलेलं असतं, नाहीतर पाकळ्यांत धूळ-तेलाचा थर दगडासारखा बसलेला असतो. साइडकार, दोन सवाऱ्या, दुसरा गिअर आणि मे महिन्यातलं 45 अंशांचं ऊन, यात पिस्टन पकडायला एक सिग्नल पुरतो. पाकळ्या खरवडून साफ करा, झाकण मिळवा, पंख्याची एकही पाती तुटलेली नको. भर दुपारी साइडकार घेऊन निघायचं काहून? सकाळी निघा, राजेहो.

क्लच आणि गिअरच्या केबल नवीन टाका आणि त्यांची लांबी नीट जुळवा. गिअरच्या दोन केबलींत एक ढिली राहिली की न्यूट्रल सापडत नाही, आणि साइडकारवाल्या गाडीला न्यूट्रल लागतंच, कारण चौकात क्लच दाबून बसलं की प्लेटा जळतात. गिअर ऑइल पाव लिटर. हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) हलवून बघा. हँडल सरळ धरल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर बदलाच. साइडकार लागल्यावर हँडल आधीच जड होतं, त्यात ही खाच म्हणजे गाडी नागमोडी.

इथपर्यंत मिस्त्रीच्या भरवशावर जाता येतं. आता साइडकार.

क्लॅम्प पत्र्याला थेट नकोत, प्रत्येक ठिकाणी आतून-बाहेरून जाड पट्टी हवी. आणि काही झालं तरी इंजिनला क्लॅम्प नको. चेतकचं इंजिन मागच्या चाकासोबत शॉकॉबवर वरखाली होतं, त्याला साइडकार बांधली तर काहीतरी तुटणार. आपल्याकडे साइडकार डाव्या बाजूला आणि चेतकचं इंजिन उजव्या बाजूला, ही जोडी छान जमते, थोडा तोल आपोआप मिळतो.

लाइन बघण्यासाठी सपाट जागा लागते. गच्ची नको, तिला पावसाच्या पाण्यासाठी उतार दिलेला असतो. पार्किंगची शहाबादी फरशी पाण्याची लेव्हल लावून तपासून घ्या. तिन्ही चाकांत हवा भरा: पुढे 18 पौंड, मागे 30 ते 35, साइडकारला 20 च्या आसपास. साइडकारमध्ये रोज जितकं वजन असणार तितकं ठेवा. माणूस बसवला तर तो हलतो, त्यापेक्षा संत्र्याच्या दोन भरलेल्या क्रेट बऱ्या. तुम्ही स्वतः सीटवर बसायचं आणि मोजणारा दुसरा. रिकाम्या गाडीची लाइन रिकाम्या गाडीसाठीच बरोबर असते.

अ‍ॅल्युमिनियमच्या दोन सरळ लांब पट्ट्या घ्या. एक स्कूटरच्या मागच्या टायरला जमिनीलगत टेकवा. पुढच्या टायरलाही ती नेमकी टेकत नसेल तर मागच्या चाकाची रेषा खरी धरा. दुसरी पट्टी साइडकारच्या टायरला. आता दोन पट्ट्यांमधलं अंतर पुढच्या चाकाच्या पुढे मोजा आणि मागच्या चाकाच्या मागे मोजा. पुढचं अंतर 10 ते 15 मिमीने कमी हवं, म्हणजे साइडकारचं चाक किंचित स्कूटरकडे बघतंय. पुढचं अंतर जास्त निघालं तर गाडी सतत डावीकडे पळणार. फारच कमी असेल तर टायर घासत जातो, हात फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागतो. साइडकारचं अ‍ॅक्सल स्कूटरच्या मागच्या अ‍ॅक्सलपेक्षा थोडं पुढे असू द्या. ते मागे किंवा अगदी बरोबरीत असेल तर उजव्या वळणात साइडकारचं नाक खाली दबतं आणि स्कूटरचं मागचं चाक लवकर उचलतं.

मग ओळंबा. तो हँडलच्या मधोमधून सोडा. वजन भरलेलं असताना स्कूटर सरळ उभी, किंवा उजवीकडे, म्हणजे साइडकारच्या विरुद्ध बाजूला, जेमतेम एक अंश झुकलेली हवी. मीटरभर उंचीवर एक अंश म्हणजे साधारण 17 मिमी. आपले रस्ते कडेला उतरते असतात आणि आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे गाडीला डावीकडे घसरायची सवय असते. हा एक अंश ती ओढ मारतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी झुकाव बसवा, मग चाकाची रेषा परत मोजा, कारण झुकाव हलवला की रेषाही हलते. आवळताना सगळे नट थोडे थोडे, आळीपाळीने. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलं की मेहनतीने आणलेले मिलिमीटर हातातून जातात.

पहिली फेरी मिहानच्या (नागपूर विमानतळाजवळच्या औद्योगिक भागाच्या) आतल्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर, रविवारी सकाळी, साइडकारमध्ये क्रेट ठेवून. माणूस नको. जुनी सवय मोडायला वेळ लागतो. चेतक सुरू होत नसली की तिरपी करून किक मारायची, ती सोय साइडकारने गेली. वळताना अंग झुकवून गाडी झोकायची, तीही गेली. आता हँडल खरोखर फिरवावं लागतं. अ‍ॅक्सिलरेटर दिला की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक दाबला की उजवीकडे, कारण बिनब्रेकची साइडकार पुढे धावू बघते. हा बिघाड नाही, लाइन कितीही छान असली तरी थोडं राहणारच. डाव्या वळणाला वेग आधीच उतरवा आणि वळणात हलका अ‍ॅक्सिलरेटर ठेवा. साइडकार उचललीच तर घाबरून ब्रेक नको, हँडल किंचित उजवीकडे सोडलं की ती खाली बसते. मोकळ्या जागी कमी वेगात हे मुद्दाम करून बघा, म्हणजे पुढे एखाद्या चौकात प्रथमच अनुभवायची वेळ येणार नाही. हे जमल्यावर सेमिनरी हिल्सचा चढ-उतार. चढताना क्लच घसरतो का आणि उतरताना ब्रेक धरतो का, दोन्ही एकाच फेरीत कळतं.

खड्डा दोन चाकांमधून काढायची सवयही सोडा, तिसरं चाक त्यातच जाणार. पावसाळ्यात डांबर सोडून काळ्या मातीत उतरायचं नाही. साइडकारचं चाक रुतलं की इंजिन गाडीला त्या चाकाभोवती गोल फिरवतं, पुढे नेत नाही.

डिक्कीत ठेवायचं सामान मोजकंच: प्लग आणि प्लग पाना, क्लच-गिअरच्या आतल्या तारा, टूटी ऑइलची बाटली, मापासह. छोटा जॅक किंवा विटेच्या आकाराचा लाकडी ठोकळा, कारण साइडकारचं चाक पंक्चर झालं तर स्टँड कामाचा नाही. क्लॅम्पच्या नटांना बसणारा पाना वेगळा ठेवा. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर ते सगळे नट एकदा परत आवळायचे, प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढून ठेवायची आणि रोज निघताना त्या रेघांवर नजर टाकायची. रेघ तुटलेली दिसली तर गाडी त्या दिवशी घरीच.