शाळेचं पहिलं सत्र: या चुका टाळा

जूनच्या मध्याला शाळा भरते आणि बघता बघता दिवाळीची सुट्टी लागते. मधल्या चार-साडेचार महिन्यांत घटक चाचणी, १५ ऑगस्ट, पोळा, गौरी-गणपती, १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, तालुक्याच्या क्रीडा स्पर्धा आणि मूग-उडदापासून सोयाबीनपर्यंतची सुगी, एवढं सगळं येऊन जातं. मराठवाड्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवताना दरवर्षी त्याच त्या चुका डोळ्यांसमोर होतात. त्यातल्या बऱ्याच लेकरांच्या नसतातच, त्यांच्यामागं घाई लावणाऱ्या मोठ्यांच्या असतात. म्हणून हे विद्यार्थी आणि पालक, दोघांसाठी लिहितो आहे.

वही पूर्ण म्हणजे अभ्यास पूर्ण, हा समज

"गुरुजी, लेकरू रात्री बारापर्यंत लिहायलंय, मग मार्क का कमी पडायलेत?" पालक सभेत हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. लेकरू लिहितंय हे खरं आहे. काय लिहितंय, ते कुणी बघत नाही.

आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. वही अशी की दुसऱ्या तुकडीत नेऊन दाखवावी. समास आखलेला, शीर्षक लाल शाईत, प्रत्येक उत्तराखाली पट्टीनं दोन रेघा. चक्रवाढ व्याजाचं प्रकरण नुकतंच संपलं होतं. फळ्यावर घेतलेलं उदाहरण साधं होतं: मुद्दल ५००० रुपये, द.सा.द.शे. १०, मुदत २ वर्षे. रास = ५००० × ११/१० × ११/१०, म्हणजे ६०५० रुपये. तिच्या वहीत ते अक्षर न् अक्षर उतरलेलं होतं. मी फक्त दर १० चा ८ केला आणि तिला फळ्याजवळ बोलावलं. तिनं खडू घेतला आणि न अडखळता लिहिलं: ५००० × ११/१० × ११/१०. उत्तर पुन्हा ६०५०.

"हे ११ कुठून आलं गं?"

"फळ्यावर होतं सर."

मग मी व्याजाचं सूत्र बाजूला ठेवलं. तिची आई बचत गटात होती. विचारलं, "शेकडा दोननं पाच हजार उचलले तर महिन्याचं व्याज किती?" लगेच म्हणाली, "शंभर." "आणि ते भरलंच नाही, मुद्दलातच धरलं, तर पुढच्या महिन्याचं व्याज कशावर?" "पाच हजार शंभरावर." चक्रवाढ व्याज तिला आधीपासून येत होतं. वहीतल्या सुबक ओळींशी त्याचा काही संबंध आहे, हे तेवढं तिला कुणी दाखवलं नव्हतं. शंभराचे एका वर्षात एकशे आठ होतात, म्हणून १०८/१००, वर्षं दोन म्हणून दोनदा, आणि रास ५८३२ रुपये, हे तिनं स्वतः काढलं. ११/१० हे ११०/१०० चंच लहान रूप होतं, तेही तेव्हाच उमगलं.

फळ्यावरचं उतरवून घेण्यात सगळा तास जातो आणि हात चालू असल्यामुळं शिकतोय असं वाटत राहतं. मी माझ्या वर्गाला एकच सवय लावतो. वर्गात झालेलं उदाहरण त्याच दिवशी संध्याकाळी वही मिटून पुन्हा सोडवायचं, आणि त्यातला एक आकडा बदलून सोडवायचं. सुटलं तरच पक्क्या वहीत उतरवायचं. मी तपासतोही कच्ची वहीच. खाडाखोड असलेल्या पानावर लेकरानं कुठं विचार केला आणि कुठं अडलं ते दिसतं. पक्क्या वहीतून मला फक्त अक्षर कळतं. आमच्यातल्या काही जणांना हे पटत नाही, कारण तपासणीला येणारे साहेब पक्की वही मागतात. तरी मी बदललेलो नाही.

गाईडबद्दलही माझं मत स्पष्ट आहे. स्वतःचं उत्तर लिहून झाल्यावर ताडून बघायला गाईड उघडलं तर त्याचा उपयोग आहे. आधी उघडलं की पुढच्या दहा मिनिटांत डोकं बंद होतं. मोबाईलवर प्रश्नाचा फोटो काढून उत्तर मिळवण्याचंही तेच. आणि व्हिडिओ दुप्पट वेगानं पळवत बघणाऱ्यांना माझं सांगणं आहे, तो थांबवून मधली एक तरी पायरी स्वतः लिहा. धडा लवकर संपवल्याचं बक्षीस कुठलीच परीक्षा देत नाही.

१७ सप्टेंबरला १५ ऑगस्टचं भाषण

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन होतं. भाषणं होतात. त्यातली निम्मी भाषणं १५ ऑगस्टचीच असतात, फक्त तारीख बदललेली.

एका वर्षी नववीतला एक मुलगा उभा राहिला. आवाज खणखणीत, हातवारे शिकवलेले. म्हणाला, "दीडशे वर्षं इंग्रजांनी आपल्या मराठवाड्याला गुलामगिरीत ठेवलं आणि १७ सप्टेंबरला इंग्रज देश सोडून गेले." टाळ्या पडल्या. समोर खुर्चीवर गावातले एक वयोवृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांच्या घरातल्यांनी रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांचा, काळ सोसलेला. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी पोराला जवळ घेतलं आणि हळूच विचारलं, "बाळा, आपल्या गावात इंग्रज कवा होता रे?" पोरगं गप्प. भाषण त्याला मामानं मोबाईलवर शोधून दिलं होतं. दोन दिवस पाठ केलं होतं, पण त्यातल्या एका वाक्यालाही त्यानं "हे खरं का?" असं विचारलं नव्हतं. त्याच्याआधी आम्ही मोठ्यांनी विचारायला हवं होतं.

मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. राज्य निजाम मीर उस्मान अली खान याचं. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण निजाम भारतात सामील झाला नाही. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता आणि त्याच काळात रझाकारांचे अत्याचार वाढले. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा, म्हणजे आपल्याच भागात वावरलेला माणूस. अखेर १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. उरलेल्या देशाच्या तेरा महिने मागून आपल्याकडं तिरंगा लागला. आपला मराठवाडा महाराष्ट्रात कसा आला, हे याच्या पुढचं आहे: १ नोव्हेंबर १९५६ ला आधी द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. एवढं कळलेल्या लेकराच्या तोंडी इंग्रज येणारच नाहीत.

उपाय म्हणून मी पूर्ण लिहिलेलं भाषण हातात देतच नाही. एका चिठ्ठीवर पाच शब्द लिहायला सांगतो: निजाम, रझाकार, स्वामीजी, तेरा महिने, आमचं गाव. प्रत्येक शब्दावर स्वतःची दोन वाक्यं बोलायची. "आमचं गाव" या शब्दासाठी घरी आज्जीला, आजोबांना विचारून यायचं, नाहीतर तालुक्याच्या हुतात्मा स्मारकावरची नावं वाचून यायची. दोन मिनिटांचं भाषण होतं. मधे अडखळतं, बोलीत येतं, "न" आणि "ण" इकडंतिकडं होतात. होऊ द्या. लेकराच्या शब्दांत आलेलं भाषण पुढच्या वर्षीही त्याला आठवतं. पालकांनो, आदल्या रात्री नऊ वाजता शाळेच्या ग्रुपवर "सर, एखादं भाषण पाठवा" असा मेसेज टाकू नका. आठ दिवस आधी लेकराला घेऊन आजोबांपाशी बसा.

प्रयोगवहीतलं १०० अंश

पाणी उकळण्याचा प्रयोग घेतला की गंमत बघण्यासारखी असते. तापमापी ९८ च्या आसपास थांबते. पोरं एकमेकांकडं बघतात आणि वहीत १०० लिहितात, कारण पुस्तकात १०० आहे. वास्तविक १०० अंश सेल्सिअस हा उत्कलनांक समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाला असतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्याही वर आहे. दर तीनशे मीटरला उत्कलनांक साधारण एका अंशानं उतरतो. म्हणजे ९८ हेच बरोबर निरीक्षण होतं आणि लेकरानं ते खोडून चुकीचं लिहिलं. अशा वहीवर मी लाल शेरा मारत नाही, लेकराला परत तापमापीपाशी उभं करतो.

निरीक्षणं प्रयोग चालू असतानाच, पेन्सिलीनं, जशी दिसतील तशी लिहा. सत्र संपताना एका रात्रीत मित्राची प्रयोगवही उतरवणं तर सोडूनच द्या. तोंडी परीक्षेला "चिमटा कुठं लावला" एवढं विचारलं तरी उतरवलेली वही उघडी पडते.

प्रकल्पाचं तसंच आहे. दुकानात मिळणारा थर्मोकोलचा ज्वालामुखी आणून ठेवू नका. त्यापेक्षा बाटलीचं पर्जन्यमापक करा. सरळ बाजूची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवा, तळाचा खोलगट भाग भरेल एवढं पाणी घालून तिथं शून्याची खूण करा आणि पट्टी चिकटवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी मोजा, मोजून झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. आपल्याकडं चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्याची चर्चा सुरू होते. बाटलीतला आकडा बघून बाप लेकाला "काल किती झाला रे?" असं विचारायला लागतो. माझ्या मते यापेक्षा चांगला प्रकल्प शोधायची गरज नाही.

न सांगता गैरहजर राहणं

सप्टेंबर-ऑक्टोबरला सोयाबीनची काढणी आणि सत्र परीक्षा एकाच वेळी येतात. मागोमाग कापसाची वेचणी. मजूर मिळत नाहीत, मळणीयंत्राची पाळी रात्री-अपरात्री येते, हे मला ठाऊक आहे. लेकरू दोन दिवस रानात गेलं म्हणून मी रागवत नाही. चूक होते ती नंतर. ते परत येतं आणि बुडालेल्या सगळ्या विषयांच्या वह्या उतरवत आठवडा घालवतं, म्हणजे समोर चाललेला तासही बुडतो. तसं न करता बाजूच्या मित्राला प्रत्येक धड्यातलं एकेक उदाहरण समजावून सांगायला लावा. मधल्या सुट्टीत वीस मिनिटं पुरतात, आणि सांगणाऱ्याचाही सराव होतो. जमलं तर अर्धा दिवस शाळा करून दुपारी रानात जा. गणिताचा तास सकाळीच असतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना वेगळं सांगायचं आहे. बीडकडच्या कितीतरी घरांतून दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन आई-बाप निघतात आणि लेकरू मुकाट्यानं सोबत जातं. जायच्या आधी मुख्याध्यापकांना भेटा. हंगामी वसतिगृहाची सोय आहे का ते विचारा. आज्जी-आजोबा घरी राहणार असतील तर लेकरू त्यांच्याजवळ ठेवा. सोबत न्यावंच लागलं तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येतं. सहा ते चौदा वयाच्या लेकराला वर्षाच्या मधेही शाळेत घ्यावं लागतं, तसा कायदाच आहे. शिक्षकांना न सांगता गेलेलं लेकरू मात्र कुणाच्याच यादीत राहत नाही, आणि एप्रिलमध्ये परत आलं की वर्गात मागं जाऊन बसतं.

उरलेल्या चुका, थोडक्यात

दहावी आली म्हणून खो-खो, कबड्डी बंद करू नका. संध्याकाळी तासभर मैदानावर घाम गाळलेलं पोरगं रात्री नीट बसतं.

कंपासमधल्या पेन्सिलीला परीक्षेच्या सकाळी टोक काढत बसू नका. आदल्या रात्री वर्तुळ काढून बघा.

स्नेहसंमेलनात तीन नाच, एक नाटक आणि सूत्रसंचालन, सगळं एकाच लेकराच्या अंगावर टाकू नका. एक काम घ्या, नीट करा.

दहावीत भाषा विषयांना लेखी ८० आणि अंतर्गत २० गुण असतात. त्या २० गुणांसाठी धावपळ फेब्रुवारीत सुरू करणाऱ्यांची मला काळजी वाटते. मोठ्यानं वाचायला आणि बोलायला जूनपासून रोज पाच मिनिटं द्या.

पहिल्या बाकासाठी भांडू नका. फळा दिसत नसेल तर डोळे तपासून घ्या.

तपासलेला पेपर दप्तरात कोंबणं

सत्र परीक्षेचे पेपर हातात आले की सगळे आधी बेरीज तपासतात. अर्धा गुण वाढला तर वर्गभर नाचतात. मग पेपर दप्तराच्या तळाशी जातो आणि दिवाळीत रद्दीत. सत्रभरात सगळ्यात कामाचा कागद तोच असतो.

सुट्टीत एक दुपार काढा. पेपर समोर घ्या आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढं एक अक्षर लिहा: येतच नव्हतं तर "न", येत होतं पण घाईत चुकलं तर "घ", प्रश्न नीट वाचला नाही तर "व". "घ" आणि "व" जास्त निघाले तर नवीन क्लास लावायची गरज नाही. पुढच्या घटक चाचणीला शेवटची दहा मिनिटं नुसतं वाचायला राखा. "न" जिथं जिथं आला ते धडे वेगळे लिहून काढा आणि दुसरं सत्र सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात ती यादी घेऊन शिक्षकांकडं जा. नवीन प्रकरणं सुरू व्हायच्या आत, कारण नंतर आमच्याकडंही वेळ उरत नाही.